सलिव्हन आडनावाचा नकाशा : कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

आयर्लंडच्या कॉर्कमधल्या एका स्थानिक इतिहास गटाला भिंतीवर लावायला नकाशा हवाय. सलिव्हन आणि ओ'सलिव्हन ही मंडळी मुळात कुठली, कुठे सरकली, आज कुठे आहेत, एवढं एका नजरेत कळलं पाहिजे. मला क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर, येतं हे कुणीतरी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे काम माझ्या गळ्यात. नोंदी मराठीत ठेवतेय, कारण पुण्यातल्या दोघीजणी आपापल्या आडनावांवर असलंच काही करायच्या विचारात आहेत. वेळ कशात जातो हे त्यांना आधी कळलेलं बरं.

पहिलं काम म्हणजे कागद काय शिल्लक आहे ते बघणं. आयर्लंडच्या १९०१ (३१ मार्चची रात्र) आणि १९११ (२ एप्रिलची रात्र) या दोन जनगणना घरटी, नावानिशी, जवळजवळ पूर्ण आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या फुकट खुल्या केल्यात. त्याआधीचं फार थोडं उरलंय. का, म्हणून विचारलं की सगळे १९२२ च्या आगीकडे बोट दाखवतात. यादवी युद्धात ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दप्तर जळालं, हे खरंच. पण त्यात गेल्या त्या १८२१ ते १८५१ च्या जनगणना. १८६१ आणि १८७१ च्या सरकारने त्याआधीच नष्ट केल्या होत्या, आणि १८८१ व १८९१ च्या पहिल्या महायुद्धात लगदा करायला दिल्या.

म्हणजे पाया १९११, तुलनेला १९०१. मागे जायला ग्रिफिथची मालमत्ता मोजणी (१८४७ ते १८६४). त्याहून मागचं सगळं फक्त बाणांनी दाखवायचं.

१८ जानेवारी

एकक ठरवलं : डीईडी, म्हणजे जिल्हा निवडणूक विभाग. आपल्या तलाठ्याच्या सज्जासारखा, काही गावंवाड्या एकत्र बांधलेला तुकडा. टाउनलँड (एखाद्या वाडीएवढा तुकडा) घेतलं तर नकाशा ठिपक्यांनी बरबटतो आणि काउंटी घेतली तर काहीच कळत नाही. सीमांच्या फाइल्स ओपनस्ट्रीटमॅपच्या आयरिश स्वयंसेवकांनी तयार केलेल्या मिळाल्या, फुकट.

काउंटी, मग डीईडी असं उतरत 'सलिव्हन'च्या याद्या गोळा करायला सुरुवात केली. कॉर्क झालं, केरी झालं. मग लक्षात आलं की यादीत एकही 'ओ' नाही. शोध जसाच्या तसा शब्द जुळवत होता, त्यामुळे ओ'सलिव्हन वेगळं शोधावं लागत होतं. तेही कुठे अपोस्ट्रॉफी लावून, कुठे मध्ये जागा सोडून, कुठे सरळ जोडून. शिवाय एक 'एल', दोन 'एल', शेवटी 'ई', 'आय'च्या जागी 'ई'.

अपोस्ट्रॉफीने माझ्या स्क्रिप्टचाही जीव घेतला. डेटाबेसला ते चिन्ह म्हणजे मजकूर संपल्याची खूण वाटते, त्यामुळे ओ'सलिव्हनच्या प्रत्येक ओळीला आयात कोलमडत होती. उपाय : मूळ नाव एका कॉलममध्ये हात न लावता ठेवायचं आणि शेजारच्या कॉलममध्ये चिन्हं, जागा काढून टाकलेलं रूप. सगळी मोजणी दुसऱ्या कॉलमवर, पण पहिला कधीही पुसायचा नाही. तो पुढे लागतो.

२५ जानेवारी

स्पेलिंगच्या जंजाळातून सुटायला साउंडेक्स वापरून पाहिलं. उच्चारावरून नावांना सांकेतिक क्रमांक देण्याची ही जुनी पद्धत वंशावळवाल्यांची आवडती आहे. सलिव्हनचा क्रमांक एस-४१५.

नकाशा उघडला तर वर उत्तरेच्या अल्स्टर प्रांतात, टायरोन आणि फर्मॅनाकडे, सलिव्हनांचा छान पुंजका. गटाला कळवण्याआधी मूळ कॉलम उघडून बघितला म्हणून बरं. ते सगळे स्लेविन आणि स्लॅविन होते. त्यांचाही क्रमांक एस-४१५. वेगळं घराणं, वेगळा मूळपुरुष, सलिव्हनांशी काही संबंध नाही. उलट खऱ्या ओ'सलिव्हनांना साउंडेक्स देतं ओ-२४१, कारण पहिलं अक्षर जसंच्या तसं राहतं. म्हणजे परके आत आणि घरचे बाहेर.

आयरिश नावांवर साउंडेक्स लावणार असाल तर आधी ओ ('वंशज') आणि मॅक ('मुलगा') ही पुढची उपपदं कापा. आणि नंतरही जुळलेलं प्रत्येक वेगळं स्पेलिंग डोळ्यांनी तपासा. मी शेवटी हातानेच रूपांची यादी केली. कंटाळवाणं काम, पण परत करावं लागत नाही.

२ फेब्रुवारी

यादी करताना 'सुलिवन' या एका 'एल'च्या रूपापाशी एक ओळखीचा माणूस भेटला. लॉरेन्स सुलिवन, ईस्ट इंडिया कंपनीचा. तो मूळचा कॉर्ककडचा मानतात. १७४० च्या दशकात मुंबईत कंपनीच्या नोकरीत होता, १७५० नंतर लंडनला परतला आणि १७५८ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला. क्लाइव्हशी त्याचं हाडवैर, संचालकांच्या निवडणुकांत दोघांनी एकमेकांवर पाण्यासारखा पैसा ओतला. नकाशात तो बसत नाही, पण मुंबईचा आहे म्हणून समासात एक ओळ द्यायचं ठरवलं. गटातल्या लोकांना कंपनीचा माणूस भिंतीवर नको होता. मी ओळ ठेवली. कुठे कुठे पोचले ते सांगायचं तर सगळंच सांगू.

८ फेब्रुवारी

आयरिश भाषेत भरलेले फॉर्म. १९११ मध्ये बऱ्याच घरांनी, विशेषतः आयरिश भाषेसाठी झटणाऱ्या गेलिक लीग या संस्थेच्या प्रभावातल्या, जनगणनेचा फॉर्म आयरिशमध्ये भरला. तिथे बाप्या 'ओ सूलवान', मुलगी 'नी हूलवान' आणि लग्न होऊन आलेली बाई 'उई हूलवान'. 'नी' आणि 'उई'नंतर 'एस'चा उच्चार 'ह' होतो आणि लिहिताना 'एस'पुढे 'एच' येतो. एकाच घरात तीन रूपं, आणि ती जुन्या गेलिक लिपीतून उतरवताना आणखी बिघडलेली. माझ्या यादीत अशा घरांतले फक्त पुरुष येत होते. कुटुंबाच्या कुटुंबात बायकाच नाहीत हे बघून शंका आली.

उपाय : एका घरातली एक व्यक्ती सापडली की अख्खं घर उघडायचं. वेळखाऊ आहे, पर्याय नाही. केरीच्या आयरिशभाषक पट्ट्यात यातच आठवडे गेले.

१५ फेब्रुवारी

पहिला पूर्ण नकाशा. डब्लिन आणि कॉर्क शहर गडद, नैऋत्य टोकाचा, सलिव्हनांचा बालेकिल्ला असलेला बेअरा द्वीपकल्प फिका. कॉर्कला राहणाऱ्या कुणालाही हे उलटं आहे हे कळेल. नुसते आकडे रंगवले की लोकसंख्येचा नकाशा होतो, आडनावाचा नाही. डीईडीच्या एकूण माणसांत किती टक्के, असं केल्यावर चित्र सरळ झालं : बेअरा, केनमेअरच्या खाडीच्या दोन्ही बाजू, आयव्हेरा द्वीपकल्प. तिथून पूर्वेकडे विरत जाणारा रंग.

टक्केवारीची दुसरी बाजू अशी की चारदोन घरांचं बेट एकदम काळंकुट्ट दिसतं. म्हणून टक्केवारीचा रंग खाली आणि माणसांच्या संख्येएवढी वर्तुळं वर, असे दोन थर एकत्र ठेवले.

नावं जुळवण्यातही वेळ गेला. जनगणनेत क्वीन्सटाउन, आजच्या फाइलमध्ये कोव्ह. किंग्ज काउंटी म्हणजे ऑफली, क्वीन्स काउंटी म्हणजे लीश. ही माहीत होती. जाच झाला तो एखाद्या अक्षराच्या फरकाने न जुळणाऱ्या छोट्या डीईडींचा. त्यांची जोडी हातानेच लावली आणि ती तक्त्याची फाइल वेगळी जपून ठेवली.

२२ फेब्रुवारी

पोलीस बराकी, तुरुंग आणि मनोरुग्णालयं इथे जनगणनेत नावं नाहीत, फक्त आद्याक्षरं. 'जे. एस., जन्म कॉर्क, कॉन्स्टेबल' हा सलिव्हन की शीहान, कळायला मार्ग नाही. आकडा लहान आहे, पण जागा अडचणीची. रॉयल आयरिश कॉन्स्टेब्युलरीत शिपायाला स्वतःच्या काउंटीत नेमत नसत. म्हणजे मन्स्टर या दक्षिणेच्या प्रांताबाहेर विखुरलेले जे थोडे सलिव्हन मला दाखवायचे होते, नेमके तेच झाकलेले. काही करता येत नाही. नकाशाच्या सूचीत तसं लिहिलं.

८ मार्च

मागचा इतिहास, म्हणजे बाण. इथे वाद कमी होतील असं वाटलं होतं.

घराण्याचा मूळपुरुष सूलवान, दहाव्या शतकातला, ओगनाख्त राजवंशाचा. नावातलं 'सूल' म्हणजे डोळा. पुढचं अक्षर एकडोळ्या की काळ्या डोळ्यांचा यावर अभ्यासकांत भांडण आहे. नकाशावर भांडण मावत नाही, 'डोळा' एवढंच लिहिलं. मुलूख दक्षिण टिपरेरीतला, शूअर नदीकाठी नॉकग्राफनच्या आसपास. तिथे ११९२ मध्ये इंग्लंडहून आलेल्या नॉर्मनांनी मातीचं गढीवजा टेकाड उभारलं आणि घराणं पश्चिमेला ढकललं गेलं. १२६१ मध्ये केनमेअरजवळ कॅलनच्या लढाईत मॅकार्थी राजांच्या बाजूने फिट्झजेराल्ड या नॉर्मन सरदारांना हरवल्यावर नव्या मुलखात पाय घट्ट झाले. पुढे दोन मोठ्या शाखा : डंकेरनचे ओ'सलिव्हन मोर आणि डनबॉयचे ओ'सलिव्हन बेअर.

इथवर कुणाची हरकत नव्हती. मग डोनल कॅमचा बाण आला.

किन्सेलला आयरिश सरदारांचा इंग्रजांकडून पराभव झाला, त्यानंतर जून १६०२ मध्ये इंग्रजांनी डनबॉयचा किल्ला तोफांनी पाडला. ३१ डिसेंबर १६०२ ला डोनल कॅम ओ'सलिव्हन बेअर सुमारे १,००० माणसं घेऊन ग्लेनगॅरिफहून उत्तरेला निघाला. त्यातले सैनिक निम्म्याहून कमी, बाकी बायका, पोरं, नोकरचाकर. भर थंडीत, वाटेत हल्ले झेलत, पंधरवड्याने लीट्रिमला ओ'रर्क या सरदाराच्या किल्ल्यात पोचले ते ३५ जण. हे आकडे फिलिप ओ'सलिव्हन बेअरने १६२१ मध्ये लिस्बनला छापलेल्या लॅटिन इतिहासातले. फिलिप तेव्हा स्पेनला पाठवलेला पोरगा होता, पण त्याचे वडील त्या वाटेवर चालले होते.

गटातल्या बऱ्याच जणांचा ठाम समज असा की वाटेत मागे राहिलेली माणसं तिथेच वसली, म्हणून कॉर्कपासून लीट्रिमपर्यंत सलिव्हनांची एक रेघ दिसणारच. मी १९११ च्या थरावर डोनल कॅमची वाट टाकली आणि दोन्ही बाजूंना दहा किलोमीटरचा पट्टा घेतला. कॉर्कची हद्द संपते तिथपर्यंत पट्टा भरलेला, तो तर आधीपासूनच भरलेला मुलूख. पुढे शॅनन नदीपार गॉलवे, रॉसकॉमनमध्ये तुरळक माणसं, पट्ट्याबाहेरही तितकीच. रेघ नाही.

एका सदस्याने मग मॉरीन ओ'सलिव्हन काढली, हॉलिवुडची नटी, १९११ साली रॉसकॉमनमधल्या बॉइलला जन्मलेली. पण तिचे वडील कॉनॉट रेंजर्समध्ये अधिकारी होते आणि बॉइलला त्या पलटणीची छावणी होती. ती १६०३ मुळे तिथे जन्मली नाही, वडिलांच्या बदलीमुळे जन्मली. वाद मिटला असं नाही, पण रेघ नकाशावर आली नाही. डोनल कॅमची वाट तुटक रेषेत दिली, रंग न भरता.

२२ मार्च

ग्रिफिथ. ही करआकारणीची यादी आहे, माणसांची नाही, हे दर वेळी स्वतःला बजावावं लागतं. फक्त जमीन किंवा घर ताब्यात असणाऱ्याचं नाव. एकाच माणसाच्या तीन टाउनलँडांत जमिनी असतील तर तो तीनदा. सुरुवातीला सगळ्या नोंदी मोजल्या त्या फुगल्या. मग फक्त घर असलेल्या नोंदी धरल्या.

बेअरात मात्र वेगळीच अडचण. एका टाउनलँडमध्ये जॉन सलिव्हन चारपाच, आणि कारकुनाने ओळखायला कंसात काहीतरी लिहिलेलं : कुठे बापाचं नाव, कुठे 'बॉन' म्हणजे गोरा, कुठे 'रुआ' म्हणजे तांबडा. मी कंस काढून टाकले होते. गटातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी ते बघितलं आणि त्या चांगल्याच तापल्या. त्यांच्या माहेरी घरंच्या घरं सलिव्हन. तिथे आडनावाने कुणी कुणाला ओळखत नाही, कंसातल्या नावानेच ओळखतात, पोस्टमनसुद्धा. बॉनांचं आणि रुआंचं सोयरसुतकही वेगळं. म्हणाल्या, "सलिव्हन हे आमच्याकडे नाव नाही गं, हवा आहे. कंसातलं ते नाव."

कंस परत घातले. बेअराचा वेगळा मोठा तुकडा काढून त्यावर शाखांची नावं टाकतेय. हे मूळ कामात नव्हतं. आता मला वाटतं नकाशातला सगळ्यात कामाचा भाग तोच होईल, कारण अमेरिकेतून पूर्वज शोधत येणाऱ्याला 'बेअराचे सलिव्हन' कळून काडीचा उपयोग नसतो.

५ एप्रिल

'ओ'चा थर. मूळ स्पेलिंगचा कॉलम पुसायचा नाही म्हटलं ते यासाठी.

१९०१ आणि १९११ ची घरं एकमेकांना जोडत होते. घर तेच, टाउनलँड तेच, नवराबायको तीच, पण दहा वर्षांत सलिव्हनचे ओ'सलिव्हन झालेले. जोडताना वय आडवं येतं. १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन सुरू झालं, त्यामुळे १९०१ मध्ये ५६ वर्षांचा गृहस्थ १९११ मध्ये हमखास ७१. पहिल्या नावांचाही घोळ : डार्बी, जेरेमाया आणि डिअरमिड एकच माणूस असू शकतो, आणि टिमथी हा घरात टाइग असतो. वय जुळवण्याचा नियम सैल केला आणि बायकोमुलांच्या नावांवर भर दिला, तेव्हा जोड्या लागल्या.

हे एकट्यादुकट्या घरांचं खूळ नाही. आयरिश आडनावांचे जाणकार एडवर्ड मॅक्लायसाट यांनी जन्मनोंदींवरून दिलेले आकडे आहेत. 'ओ' लावणाऱ्या सलिव्हनांचं प्रमाण १८६६ मध्ये ४ टक्के, १८९० मध्ये १३, १९१४ मध्ये २० आणि १९४४ मध्ये ६०. (मॅक्लायसाट स्वतः जन्माने नुसते लायसाट. त्यांनीही मागाहून 'मॅक' लावून घेतलं.) इंग्रजी अमलात 'ओ' गळाला, १८९३ मध्ये गेलिक लीग आली, पुढे स्वातंत्र्य, आणि 'ओ' परतला.

म्हणजे मी ज्याला इतके आठवडे स्पेलिंगचा उपद्रव समजत होते ते खरं तर तारखेचं साधन आहे. घराणं आयर्लंडबाहेर केव्हा पडलं याचा पहिला अंदाज 'ओ' आहे की नाही यावरून येतो. एकोणिसाव्या शतकात गेलेले 'ओ' न लावताच गेले आणि परदेशात तो परत लावायचं कारण त्यांना कधी पडलं नाही. बॉस्टनचा मुष्टियोद्धा जॉन एल. सलिव्हन, शिकागोचा वास्तुकार लुई सलिव्हन, दोघेही आयरिश बापांचे, दोघांनाही 'ओ' नाही. विसाव्या शतकात गेलेल्या मॉरीनला आहे. अपवाद सापडतील, प्रत्येक घराची खात्री जन्मनोंदीवरूनच करायची. पण शोध कुठून सुरू करायचा हे 'ओ' सांगतो.

नकाशाची सगळी मांडणी बदलली. आधी आयर्लंडचा मोठा नकाशा आणि कोपऱ्यात जग असं होतं. आता दोन रंग, 'ओ' असलेले आणि नसलेले, आणि तेच दोन रंग सगळ्या तुकड्यांत.

१९ एप्रिल

अमेरिकेचा तुकडा. बॉस्टन सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून मी माँटानातलं ब्यूट घेतलं. बेअराच्या टोकाला अ‍ॅलिहीसला १८१२ पासून तांब्याच्या खाणी होत्या. त्या १८८० च्या दशकात थंडावल्या, नेमक्या त्याच सुमारास ब्यूटची तांब्याची खाण फोफावली. हातात कसब असलेली माणसं अ‍ॅलिहीस आणि आयरीजहून थेट तिकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्यूटच्या डिरेक्टरीत स्मिथपेक्षा सलिव्हन कितीतरी जास्त होते. संपूर्ण अमेरिकेत हे आडनाव २००० च्या जनगणनेत पहिल्या शंभरात होतं. अर्थात 'ओ' न लावता.

३ मे

आजचा थर सगळ्यात लंगडा. आयर्लंडमध्ये जनगणनेचे कागद १०० वर्षं बंद असतात, त्यामुळे गावनिहाय आडनावं मिळत नाहीत. आडनावांचे जागतिक आकडे देणारी संकेतस्थळं आहेत, पण आकडा कशावरून काढला ते कळत नाही, म्हणून घेतली नाहीत. ग्रंथालयात जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या होत्या, त्या मोजल्या. फक्त लँडलाइनवाले, घरटी एक नाव, आणि ओ'सलिव्हन 'ओ'खाली तर सलिव्हन 'एस'खाली. पण 'ओ'चं पारडं किती जड झालंय ते दाखवायला पुरतं.

ताळा म्हणून जुना आकडा हाताशी होता. रजिस्ट्रार जनरल मॅथेसन यांच्या अहवालात १८९० सालच्या जन्मांत मर्फी १,३८६, केली १,२४२ आणि सलिव्हन, 'ओ'सकट, ९७५, म्हणजे देशात तिसरे. मॅक्लायसाट यांच्या काळीही जवळपास ८० टक्के सलिव्हन कॉर्क आणि केरी या दोनच काउंट्यांत होते, उरलेले मुख्यतः लिमरिक आणि डब्लिनला. माझा १९११ चा नकाशा त्याच्याशी जुळतो. आणि जिथून सगळे निघाले ती टिपरेरी जवळपास पांढरी.

१७ मे

छपाई. ए-झिरो आकार, मॅट कागद, ४२ युरो. पहिली प्रत फुकट गेली, कारण पडद्यावर वेगळे दिसणारे दोन हिरवे कागदावर एकच झाले. 'ओ'वाल्यांना गडद निळा, बिन'ओ'वाल्यांना गेरू, असं करून पुन्हा ४२. बाकी खर्च म्हणजे झेरॉक्स आणि बसभाडं. आज शून्यातून सुरू केलं तर अर्ध्या वेळात होईल : अख्खं घर उघडायचं, मूळ स्पेलिंग जपायचं, कंस राखायचे, साउंडेक्सच्या नादी लागायचं नाही.

१९२६ ची जनगणना खुली करायची ठरलेली तारीख १८ एप्रिल २०२६. ती फक्त दक्षिणेच्या २६ काउंट्यांची, उत्तर आयर्लंडची शिल्लकच नाही. १९१४ चे २० टक्के आणि १९४४ चे ६० यांच्या मधला टप्पा त्यात सापडेल. तक्त्यात त्यासाठी दोन कॉलम रिकामे सोडलेत, मूळ नाव आणि साफ केलेलं नाव. डीईडी जुळवणीची फाइल दोघींना मेलवर पाठवली आहे.